उसनी साक्ष

"आत काय विचारतात हो?" बाहेर आलेल्या उमेदवाराला मी विचारलं.

त्यानं रुमालानं मान पुसली. "साक्ष पाठ करून आला असाल तर विसरा. ओहोळसाहेब पहिल्याच वाक्याला तोडतात. म्हणतात, देवानं तुम्हाला हाक मारली तो दिवस सांगा. वार सांगा. तुम्ही कुठं उभे होतात ते सांगा."

"आणि नाही सांगता आलं तर?"

"तर चहा देतात," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरून तडक फाटकाबाहेर चालता झाला. त्याचा चहा झालेला दिसत होता.

माझी साक्ष, म्हणजे देवानं मला कसं बोलावलं त्याची हकिकत, चांगली दीड पानाची होती. आईनं ती माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतली होती. लहानपणापासून प्रभूची ओढ, संडे स्कूल, आजारपणातली प्रार्थना, सगळं कसं जागच्या जागी होतं. फक्त दिवस नव्हता. कारण हाक मला आलीच नव्हती. बावीस वर्षांचा घोडा झालो होतो, आणि देवानं मला एका शब्दानं काही विचारलेलं नव्हतं.

पण माझं ठरलं होतं जन्माच्या आधीच. माझ्या आधीची आईची तीन मुलं पाळण्यातच गेली. मी पोटात असताना तिनं देवाला शब्द दिला, हा जगला तर तुझा. मी जगलो. झालं! वडील वारले, आई बायबलबाई झाली, खांद्याला पिशवी लावून खेडोपाडी बायकांना शास्त्र वाचून दाखवू लागली, आणि जाईल तिथं सांगू लागली की आमचा सुमंत पाळक होणार. सहाव्या वर्षापासून मला मंडळीतली माणसं "काय पाळकसाहेब, शेंबूड पुसा" असं म्हणत. मॅट्रिक झाल्यावर पाच वर्षं मी मिशनच्या शाळेत तात्पुरती मास्तरकी केली, आणि अर्जाचं आज-उद्या करत राहिलो. शेवटी आईनंच अर्ज लिहिला, मी खाली सही केली.

त्या वर्षी आमच्या भागातून सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत, एकालाच पाठवायचं होतं. आई समोर चिंचेखाली डबा मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडं बघून तिनं मान हलवली, म्हणजे ताठ बस.

"इकडून बोला भाऊ," बाकावरचा दुसरा माणूस म्हणाला. "डावा कान गेलाय माझा."

मी काही बोललोच नव्हतो. बहुतेक ओठ हलत असतील. तो पंचविशीचा, काळा कुळकुळीत, हाताची बोटं दगडासारखी. नाव रघुनाथ धोत्रे. वडार समाजातला, धंदा विहिरीला सुरुंग लावायचा. आता शेवटचे आम्ही दोघंच उरलो होतो.

"तुम्ही शिकलेले," तो म्हणाला. "जरा ऐकता का? बरूबर सांगतो का ते बघा. मोठ्या माणसांपुढं माझी बोबडी वळती."

"सांगा की."

मग त्यानं सांगितलं. ऐकू कमी येत असल्यामुळं तो मोठ्यानं बोलायचा. तीन वर्षांपूर्वी, माघातल्या एका मंगळवारी, एका विहिरीत पाच सुरुंग भरले, पाची वाती पेटवल्या, सगळे लांब लिंबाच्या झाडामागं पळाले. बार मात्र चारच ऐकू आले. बराच वेळ थांबले. मालक म्हणाला, पाची झाले, दोन बार एकदम उडाले असतील, बघ खाली उतरून. हा दोर धरून निम्म्यात उतरला.

"आन् वरून हाक आली. रघुनाथ! अशी. आता मला कुणी रघुनाथ म्हणतच नाही हो. आई म्हणती रघ्या, मुकादम म्हणतो बहिऱ्या... न्हाई, बहिऱ्या नंतर म्हणाय लागले. मला वाटलं कोण बोलावतंय म्हणून परत वर चढलो. कडेला कोपर टेकलं आन् पाचवा उडाला. कान गेला तो तवा."

"हाक कुणी मारली?"

"तेच तर. सगळी माणसं झाडामागं. कुणीच न्हाई मारली." त्यानं माझ्याकडं बघितलं. "आमच्या वस्तीवर एक म्हातारे प्रचारक यायचे. त्यांना जाऊन इचारलं. ते रडाय लागले. मला वाचाय-लिव्हाय त्यांनीच शिकवलं. तवापास्नं आमची तीन घरं प्रार्थनेला बसत्यात. समदी ह्या एका हाकंवर आल्याली माणसं हाईत ती. बरूबर सांगितलं का?"

"बरोबर सांगितलंत," मी म्हणालो. खरंच सांगतो, माझ्या अंगावर काटा आला होता. आणि हेवाही वाटला. ह्या गड्याला देवानं नावानिशी बोलावलं, आणि मी दीड पान पाठ करून बसलोय!

शिपायानं पुकारा केला, "सुमंत त्रिभुवन!"

"जा भाऊ," रघुनाथ म्हणाला. "म्या प्रार्थना करतो तुमच्यासाठी."

आत तिघं होते. मधे रेव्हरंड ओहोळ, पांढऱ्या भुवयांचे. डावीकडं मिशन दवाखान्याच्या डॉक्टर सालोमीबाई. उजवीकडं रेव्हरंड लोंढे, त्यांच्याकडं रघुनाथच्या बाजूची अकरा गावं होती.

"सगुणाबाईंचा मुलगा ना?" लोंढे कौतुकानं म्हणाले.

"हो साहेब." मी घसा खाकरला. "लहानपणापासूनच मला प्रभूची ओढ..."

"ते राहू द्या," ओहोळ म्हणाले. "ओढ आम्हा सगळ्यांनाच असते. हाक कधी आली?"

मी खिडकीकडं बघितलं.

"घाई नाही. आठवा. दिवस कोणता होता?"

भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. खिडकीतून चिंच दिसत होती, आणि चिंचेखाली आई. तिनं डोक्यावर पदर घेतला होता आणि मान खाली घातली होती. माझ्यासाठी मागत होती ती. सालोमीबाईंनी हळूच चष्मा काढला आणि मला कळलं, आता चहा येणार.

"मंगळवार," मी म्हणालो.

कसं म्हणालो ते देवाला ठाऊक. एकदा मंगळवार म्हटल्यावर पुढचं थांबेना. माझ्या मामाची विहीर. मी सुट्टीत गेलेलो. पाच सुरुंग, चार बार. मी सांगत होतो आणि माझ्याच आवाजाला कापरं भरत होतं, म्हणजे लबाडीला केवढं बळ असतं बघा. विहिरीच्या काठाला कोपर टेकलं तिथं सालोमीबाईंनी डोळे पुसले.

"कानाला काही इजा नाही ना झाली?" त्यांनी विचारलं. डॉक्टर त्या, दुसरं काय विचारणार?

"नाही," मी म्हणालो. "देवाची कृपा."

ओहोळांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "बाहेर बसा. लांब जाऊ नका."

मी बाहेर आलो आणि रघुनाथ आत गेला. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. दार पुढं लोटलेलं होतं, पण रघुनाथचा आवाज दारानं थोडाच अडणार! माघ ऐकू आला. मंगळवार ऐकू आला. "पाच सुरुंग भरले," तो म्हणाला, आणि तिथून पुढं आत नुसती शांतता. तो बिचारा एकटाच बोलत राहिला. त्याचं संपल्यावर ओहोळ बोलले, आणि त्यांनाही त्याच्यासाठी मोठ्यानं बोलावं लागलं, त्यामुळं मला एकेक शब्द ऐकावा लागला.

"धोत्रे, बाहेर बाकावर तुम्ही त्रिभुवनांशी बोललात?"

"बोललो की साहेब."

"आणि त्यांची साक्ष उचलून आमच्यापुढं ठेवलीत."

"न्हाई साहेब. माझीच हाय. हा कान बघा ना."

"सुरुंगवाल्याचा कान जातोच," लोंढे म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "रघुनाथ, मी तुमची शिफारस केली होती. त्या तीन घरांना मी काय सांगू? आज बुधवार, संध्याकाळी तुमच्या वस्तीवर प्रार्थना आहे. मला तिथं खरं तेच सांगावं लागेल. देवाच्या नावावर खोटं बोलणाऱ्यावर मी मंडळी उभी करू शकत नाही."

मी उठून उभा राहिलो. आत जायचं, एवढंच होतं. पाच पावलं. तेवढ्यात आई चिंचेखालून हसली. तिला वाटलं मी तिला बघून उठलो. मी परत बसलो. ह्या बसण्याची लाज मला आजही वाटते, पहिल्या खोटेपणाहून जास्त.

रघुनाथ बाहेर आला आणि माझ्याशेजारी टेकला. त्यानं मला शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्या हाताची एक पुरली असती. तो नुसता माझ्याकडं बघत राहिला आणि मग त्याच्या मानानं अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुमच्यापाशी तुमची नव्हती व्हय?"

तो उठून चिंचेपलीकडच्या नळावर गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला. लोंढे बाहेर आले, मोटारसायकलला लाथ मारली आणि निघून गेले.

पुढचा तास दीड तास ओहोळ आणि सालोमीबाई आत कागद करत होते. आई माझ्याजवळ येऊन बसली. "छान झालं ना रे?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं डबा उघडून मला शेंगदाण्याचा लाडू दिला, आणि नळाजवळ बसलेल्या रघुनाथलाही नेऊन दिला. "खा रे बाबा, उन्हातान्हाचा आलास." त्यानं घेतला. मी माझा लाडू गुपचूप परत डब्यात ठेवला.

मग शिपाई आला. "त्रिभुवन, आईलाही घेऊन या."

निवड झाली की लगेच उमेदवाराला गुडघ्यावर बसवून, डोक्यावर हात ठेवून देवाला वाहायचं, अशी आमच्याकडं रीत होती. आई दारातच थबकली. ओहोळ उभे होते, सालोमीबाई उभ्या होत्या, समोर चटई अंथरलेली.

"सगुणाबाई," ओहोळ म्हणाले, "तुमचा शब्द देवानं ठेवला."

आई मटकन गुडघ्यावर बसली. मीही बसलो. ओहोळांचा हात माझ्या डोक्यावर आला, जड आणि गरम. त्यावर सालोमीबाईंचा. मागून आईच्या हुंदक्याचा आवाज येत होता. एकदा "आमेन" झालं की संपलं, मला ठाऊक होतं. त्यानंतर मागं फिरता येणार नव्हतं. चार वर्षं सेमिनरी, मग मंडळी, मग जन्मभर त्या विहिरीची गोष्ट सांगत फिरायचं, आणि तिकडं तीन घरं बुडालेली.

"हे प्रभू," ओहोळ म्हणाले, "ज्याला तू नाव घेऊन हाक मारलीस..."

"साहेब, थांबा."

प्रार्थना मधेच तोडलेली ओहोळांनी जन्मात पाहिली नसेल. "काय?"

"मला नाही मारली."

"काय नाही मारली?"

"हाक. बाहेर नळावर जो बसलाय त्याला मारली. मी बाकावर त्याच्याकडून ऐकली आणि तुम्हाला माझी म्हणून सांगितली. चोर मी आहे, तो नाही."

सालोमीबाईंनी हात झटकन काढला. ओहोळांचा हात मात्र माझ्या डोक्यावरच राहिला, मला वाटतं ते विसरूनच गेले होते.

"मग तुमचं पाचारण?"

"नाही साहेब."

"माझ्याकडं बघून बोल," मागून आई म्हणाली.

मी वळलो. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"कधीच नाही?"

"कधीच नाही, आई."

तिनं पदर तोंडाला लावला आणि उठून बाहेर गेली.

ओहोळांनी स्वतः नळापर्यंत जाऊन रघुनाथला आणलं. त्याच्यापुढं हात जोडले. "धोत्रे, आम्ही चुकलो. जागा तुमची आहे." त्याच्या जागी मी असतो तर आधी माझ्याकडं तुच्छतेनं बघून घेतलं असतं. त्यानं विचारलं एवढंच, "लोंढेसाहेब गेले का?"

"केव्हाच गेले. मी चिठ्ठी देतो तुम्हाला."

"म्या नेल्याली चिठ्ठी?" रघुनाथ म्हणाला. "म्हणतील हे आणखी एक खोटं. माझा चुलता लई कडक हाय साहेब. तो एकदा उठला की तिन्ही घरं उठत्याल."

"मी जातो," मी म्हणालो. कुणी मला जा म्हणालं नव्हतं. "ज्यानं खोटं सांगितलं त्यानंच सांगायला पाहिजे."

आई एस.टी. स्टँडवर बाकावर बसली होती. मी सांगितलं, मी ह्याच्या वस्तीवर जातोय, माझ्याबरोबर ये नाहीतर आपल्या गाडीनं घरी जा. रघुनाथनं गाडी लागल्याची खूण केली तेव्हा ती म्हणाली, "तुला देवाला दिलं म्हणून मी गावभर सांगत फिरले. तुला एकदाही विचारलं नाही." मग डबा माझ्या हातात कोंबला. "जा. लाडू आहेत अजून."

गाडीत रघुनाथनं मुद्दाम चांगला कान माझ्याकडं येईल असं मला बसवून घेतलं, पण दीड तासात मला बोलायला काही सुचलं नाही. फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. वस्ती माळावर, पलीकडं दगडाची खाण. अंगणाशी मोटारसायकल उभी दिसली. लोंढे पोचलेच होते.

अंगणात दहा-बारा माणसं बसली होती, पण प्रार्थना चालू नव्हती. लोंढे बाजेवर मान खाली घालून बसले होते. एक उंच म्हातारा उभा होता, तोच चुलता.

"आलास?" तो रघुनाथला म्हणाला. "आमाला तोंडघशी पाडून आलास? घरातले देव आम्ही तुझ्या शब्दावर हालवले. उद्या परत मांडतो."

रघुनाथचं कुणी ऐकणार नव्हतं. सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळले. तिकडं ओहोळांपुढं खरं बोलणं सोपं होतं असं वाटायला लागलं. तिथं माझी जागा जाणार होती. इथं ह्या माणसांचं सगळंच पणाला लागलं होतं.

"माझं नाव सुमंत त्रिभुवन," मी म्हणालो. "हाक रघुनाथलाच आली. खोटं मी बोललो. त्यानं विश्वासानं मला सांगितली, आणि मी आत जाऊन माझी म्हणून खपवली. माझ्यामुळं साहेब त्याला खोटा समजले."

लोंढे ताडकन उभे राहिले. चुलता दोन पावलं पुढं आला.

"सकाळी खोटं बोललास. आता खरं बोलतोस कशावरनं?"

मला एकदम राग आला. कुणाचा कोण जाणे, माझाच असेल. "कशावरून? सकाळी खोटं बोललो तर मला जागा मिळाली, डोक्यावर हात मिळाला. आता खरं बोलतोय तर जागा गेली, आई घरी निघून गेली, आणि तुम्ही मारायला उठलाय. खोटं बोलायला इतक्या लांब कोण येतो, काका?"

मागं एक बाई फिस्सकन हसली. म्हाताऱ्यानं माझ्याकडं नीट बघितलं, मग रघुनाथकडं. "पानी दे रं ह्याला," तो म्हणाला आणि खाली बसला. लोंढ्यांनी रघुनाथला मिठी मारली आणि लहान मुलासारखे रडले. मी हातातलं पाणी पिऊन टाकलं आणि तांब्या खाली ठेवला. माझं काम झालं होतं. फाट्यावरून साडेसातची शेवटची गाडी होती.

रघुनाथची आई यल्लाबाई तोवर गप्प बसून होती. ती म्हणाली, "रघ्या, मंग तू जानार शिकाय?"

"जानार. चार वर्सं."

"आन् आमाला वाचून कोन दाखवनार?"

तिन्ही घरांत अक्षर येणारा तो एकटाच होता. रघुनाथला ही अडचण त्या क्षणापर्यंत सुचली नसावी, त्याचं तोंड उतरलं. लोंढे खोकले. त्यांची अकरा गावं, ते महिन्यातून एकदा यायचे. आता रघुनाथ जायचा नाही म्हणतो की काय, अशी मला धास्ती वाटायला लागली.

यल्लाबाईनं मान वळवली. "तुला वाचता येतं का रं?"

"मला?" मी म्हणालो. "येतं की."

"मंग बस."

मी उभाच होतो. तिनं आपल्याशेजारची जागा हातानं झाडली. "बस म्हनते ना. उभ्यानं वाचतोस व्हय?"

मी बसलो. रघुनाथनं घरातून शास्त्र आणून माझ्या मांडीवर ठेवलं, आणि मागल्या वेळी कुठवर झालं होतं ते त्या दगडासारख्या बोटानं दाखवलं. मी वाचायला लागलो. पान संपलं की यल्लाबाई म्हणायची, पुढं. मी पुढं वाचायचो. माळाच्या पलीकडं कधीतरी गाडीचा हॉर्न वाजला, तो मी ऐकला आणि पान उलटलं.

त्या गाडीला आता सदतीस वर्षं झाली. मी अजून वस्तीवरच आहे.